चौथा हात

मेंढीकोटाला चार माणसं लागतात. आमच्या बापूकाकांच्या आयुष्यातलं दुःख एवढंच, की त्यांच्या घरात माणसं तीन आहेत. ते स्वतः, काकू आणि काकांची थोरली बहीण, जिला सांगलीचा अर्धा गावभाग आक्का म्हणून ओळखतो. तिघांत पाच-तीन-दोन होतं, नाही असं नाही. पण काकांच्या लेखी तो वेळ मारून न्यायचा खेळ. खरा खेळ चौघांचा, समोरासमोर भिडू बसवून, तेरा-तेरा पानं वाटून. त्यामुळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून काका माणसांकडे एकाच नजरेनं बघतात. हा चौथा हात होऊ शकतो का?

गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला पोरगा, विम्याचा हप्ता मागायला आलेला एजंट, आक्काचा रक्तदाब बघायला आलेली परिचारिका, या सगळ्यांना दारातच विचारून झालेलं आहे. "बसा की. एकच डाव!" हे काकांचं लाडकं वाक्य. एकच डाव आजवर कधीच एक झालेला नाही, हे गल्लीत ठाऊक असल्यानं पोस्टमन हल्ली पत्रं खिडकीतून आत टाकतो.

अशी माणसं तुमच्याही घरात असतील. कुठे ती मामा असतात, कुठे आजी, कुठे दर मे महिन्यात कॅरमचा बोर्ड पुसून बोरिक पावडरीचा डबा शोधणारी मावशी. लग्नाच्या हॉलवर जेवणं उरकून माणसं पेंगायला लागली, की गाण्याच्या भेंड्यांसाठी वरपक्ष आणि वधूपक्ष वेगळे बसवणारा एक जण असतोच, आणि 'ळ' आला तर 'ल' धरायचा की नाही यावर दोन घराण्यांत पहिली ठिणगी तोच पाडतो. बापूकाका त्या जातीचे आहेत, फक्त बारमाही.

काकांना मोबाइलचा राग आहे असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. मोबाइलनं डोळे बिघडतात, मुलं वाया जातात, असली भाषणं ते करत नाहीत. त्यांची तक्रार सरळ आहे. मोबाइल हातात असला की पत्ते धरायला हात राहत नाही. पुण्याची आमची एक चुलतबहीण कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आली होती. दिवाळीत तिनं सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, आपण फोन बाजूला ठेवू आणि प्रत्येकानं शेजारच्या माणसाबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या. काका उठलेच. "चांगलं बोलायला कशाला जमायचं? ते शोकसभेत बोलतात. पत्ते आण."

तरी फोन काढून कसे घ्यायचे हा प्रश्न होताच. मार्ग काकांना पेपरात सापडला. आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ सालापासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावं, म्हणून गावानं ठरवून केलेली गोष्ट. ती बातमी काकांनी कापून फ्रिजवर चिकटवली. अभ्यास वगैरे भाग त्यांनी सोयीनं सोडून दिला आणि 'दीड तास' या शब्दांखाली लाल रेघ मारली. दीड तासात, ते म्हणाले, निदान आठ डाव.

भोंगा कुठून आणायचा? पहिल्या दिवशी त्यांनी देवघरातला शंख उचलला. काकूंनी तो हातातून काढून घेतला. "हा देवासाठी आहे. तुम्हाला पत्ते कुटायला नाही." मग त्यांनी जुन्या सायकलची घंटी काढली. तिला कुणी दाद देईना, कारण गल्लीतून दिवसभर घंट्या वाजतच असतात. अखेर नुसती हाक ठरली. संध्याकाळी सात वाजता काका ओसरीवर उभे राहून "उतारी!" असं ओरडतात. खरं म्हणजे उतारी डाव सुरू झाल्यावर करायची असते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

फोन ठेवायला त्यांनी पाच लिटरचा कुकर निवडला. काकांचं म्हणणं, टोपलीत ठेवले तर हात जातो. कुकरचं झाकण उघडायला आवाज होतो, म्हणजे चोर सापडतो. सुट्टीत सगळे जमले की नऊ-दहा फोन त्यात जातात, झाकण लागतं, आणि कुकर ओसरीच्या कोनाड्यात बसतो. पहिल्याच संध्याकाळी काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आणि वरण कशात लावू?" त्यावर काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या घरी सुट्टीत दीड तास उशिरानं जेवायची सवय आम्हाला त्यामुळे लागली.

आतला फोन वाजला की झाकण थरथरतं. मग सगळे पत्ते धरून थांबतात आणि ओळखायचं, हा कुणाचा? सुरुवातीला ज्याचा असेल तो कासावीस व्हायचा. आता त्यावरही पैज लागते, चिंचोके मांडून. जावयांचा फोन एकदा सात वेळा वाजला तेव्हा कुणी उठलं नाही, पण आक्कानं चौदा चिंचोके कमावले. फोन बँकेच्या कर्जवाल्यांचा होता.

काकांचा पत्त्यांचा कॅट हा स्वतंत्र विषय आहे. तो फार जुना आहे आणि त्यात किलवरची सत्ती नाही. ती हरवली तेव्हा काकांनी जोकरावर बॉलपेनानं 'कि. ७' असं लिहिलं. पुढे तो जोकरही गेला. आता तिथे एका लग्नपत्रिकेचा तुकडा आहे, कात्रीनं कापलेला, एका कोपऱ्यात गणपतीची अर्धी सोंड राहिलेली. पाठ पांढरी असल्यानं हे पान कुणाच्या हातात गेलं ते वाटतानाच चौघांना दिसतं. दिसलं असं म्हणायचं मात्र नाही. समोरच्याकडे किलवर सत्ती आहे हे डोळ्यांनी बघून, आपल्याला माहीत नाही अशा बेतानं खेळायचं, हा त्या घरचा शिष्टाचार. नवा कॅट आणतो म्हटलं की काका म्हणतात, "का? यात एकावन्न पानं शाबूत आहेत की." पाच-तीन-दोनबद्दल त्यांनी एवढं एक चांगलं बोललेलं मी ऐकलं आहे, की त्यात तीसच पानं लागतात आणि सत्त्या फक्त इस्पिक आणि बदामाच्या. किलवरची लागतच नाही.

एकदा ते सावंतवाडीला जाऊन राजवाड्यात गंजिफा बघून आले. लाखेनं रंगवलेली गोल पानं, दशावतारी संचात दहा अवतारांची बारा-बारा, एकूण १२०. गेल्या शतकात ही कला विझत आली होती, ती तिथल्या राजघराण्यानं पुन्हा उभी केली, हे काका आम्हाला दर गणपतीत सांगतात. पण लोक आता ती पानं भिंतीवर लावायला विकत घेतात, खेळत कुणी नाही, याचा त्यांना मनापासून सल आहे. त्यांनी एक संच घ्यायचं काढलं तेव्हा काकू म्हणाल्या, "बावन्न सांभाळता आली नाहीत, आणि एकशेवीस?" विषय तिथे संपला.

खेळताना काका कसे असतात? खोटं कशाला बोलायचं, असह्य असतात. भिडूशी खुणा करायच्या नाहीत हा नियम ते डावाआधी मोठ्यानं जाहीर करतात आणि पहिल्या हातापासून खोकायला लागतात. एकदा खोकले की इस्पिक, दोनदा की बदाम, कानाची पाळी ओढली की हुकूम मार. कुटुंबातल्या सहा वर्षांच्या चिनूलासुद्धा हे कोष्टक पाठ आहे. हिवाळ्यात काकांना खराच खोकला होतो तेव्हा भिडूची फार पंचाईत होते. कुणाचे पत्ते उघडे पडले की "हात दाखवून अवलक्षण!" नवख्यानं पानं दोन्ही हातांत पसरून छातीपासून लांब धरली की, "अरे, पत्ते धर! पंचांग वाचायला बसल्यासारखा काय बसलायस?" आणि कुणी टाकलेलं पान परत उचलायला गेलं की आवाज चढवून त्यांचं ब्रह्मवाक्य, "पत्ता खाली ठेवला की ठेवला." स्वतः ते कितीदा उचलतात याचा हिशेब आक्काकडे आहे, पण आक्का बोलत नाही, कारण तिच्या पदराखाली एखादी दश्शी नेहमी असते. मेंढीकोटात सगळी मारामारी दश्शांची. चारही मिळाल्या की कोट. आक्कावर तीन-तीन दश्शा हातात असताना कधी हरायची वेळ आलेली नाही, हे सोडून बाकी काही सिद्ध करता येत नाही.

लहान मुलांना मुद्दाम जिंकू द्यायचं नाही, हे काकांचं आणखी एक तत्त्व. चिनूशी सापशिडी खेळताना ती अठ्ठ्याण्णववर गिळली गेली आणि खाली आली, तेव्हा काका टाळ्या वाजवून हसले. चिनूनं त्यांना फासा फेकून मारला. त्यावर त्यांनी तिला मोक्षपटाची गोष्ट सांगितली. हा खेळ आपल्याकडचा जुना, ज्ञानेश्वरांनी तो रचला असं परंपरा सांगते, शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, वर मोक्ष. चिनूनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मी काय वाईट केलं होतं?" काकांना उत्तर सुचेना. फासा पलंगाखाली गेला होता, तो शोधायला ते वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

त्यांची सून मूळची इंदूरची. लग्न ठरवताना काकांनी पत्रिका बघितली नाही, पगार विचारला नाही, चहा पिता पिता विचारलं, "मेंढीकोट येतो का?" ती म्हणाली, नाही. काकांचा चेहरा पडला. मुलाला मुलगी पसंत असल्यानं पुढे गेलं, पण काकांनी ते मनाला लावून घेतलं. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला त्यांनी तिला खेळ शिकवला. दुसऱ्या संक्रांतीला तिनं आणि जावयांनी मिळून काकांवर कोट चढवला. चारही दश्शा! काकू आतून बाहेर आल्या, आता घरात काय होतं बघायला. काका उठले, चपला घातल्या आणि गेले. अर्ध्या तासानं मारुती चौकातून पेढे घेऊन परत आले. पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "सूनबाईनं कोट दिला मला. मला!"

पण खरी गोष्ट आमच्या वडिलांची आणि काकांची आहे.

आमचा वाडा दुमजली. वाटणीत खालचा मजला बापूकाकांकडे गेला, वरचा आमच्या आप्पांकडे, आणि मळ्यातली विहीर कुणाकडेच गेली नाही. ती बांधावर आहे. बांध कुणाचा यावरून दोघा भावांत बोलणं बंद झालं. भाऊबंदकीतलं मौन ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एकाच जिन्याला दोन वेळापत्रकं असतात. काकांचा चौथा हात अशा रीतीनं त्यांच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर येरझाऱ्या घालत होता आणि खाली हे तिघं पाच-तीन-दोन खेळत होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. ज्यांनी तो पूर बघितला त्यांना आकडा सांगायची गरज नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. गावभागात पहिल्यांदा गटारं उलटी वाहिली, मग ओसरीवर पाणी आलं, मग काही विचारायला वेळच राहिला नाही. काकूंनी दागिन्यांचा डबा आणि बँकेची पुस्तकं घेतली. आक्कानं बाळकृष्ण घेतला. काकांनी काय घेतलं ते वर गेल्यावर कळलं. शर्टाच्या आत, दुधाच्या रिकाम्या पिशवीत, रबरबँड लावून, कॅट.

वर आईनं दार आधीच उघडून ठेवलं होतं. आप्पा गॅलरीत पाठमोरे उभे राहिले. वीज गेलेली, थोड्या वेळानं फोनही मेले. होडीवाले जवान येऊन विचारून गेले, पण आक्का उतरायला तयार होईना, मग कुणीच गेलं नाही. बाहेर नुसतं पाणी, त्यावरून वाहत येणारी पिंपं आणि लाकडं, एखादं ओरडणारं कुत्रं. बोलायला काही नव्हतं आणि झोप येत नव्हती. आईनं मेणबत्ती लावली. काकांनी पिशवी सोडली, पत्ते पिसले, काकू आणि आक्का बसल्या. आईला खेळ येत नाही. पत्ते पिसण्याचा आवाज बराच वेळ चालला होता, आई सांगते. वाटायचं नाव नाही.

मग काका गॅलरीकडे न बघता म्हणाले, "एक हात कमी आहे."

आप्पा आले, आक्काच्या समोर बसले, पानं उचलली आणि म्हणाले, "कट हुकूम का बंद?"

पाणी उतरेपर्यंत दोघं भाऊ फक्त पत्त्यांच्या भाषेत बोलले. उतारी कुणाची. हात कुणाचा. मार हुकूम. खालचं काय राहिलं असेल, भिंत धरेल का, हे कुणी उच्चारलं नाही. खालचं फारसं काही राहिलं नव्हतं. कपाटं फुगून दारं उघडेनात, आणि गाळ काढायलाच सगळ्यांना कितीतरी दिवस लागले. तो गाळ मात्र दोघांनी मिळून काढला, आणि काढताना एकमेकांवर मनसोक्त ओरडले. काकू म्हणाल्या, चला, बोलायला तर लागले.

विहिरीचं भांडण मिटलं असं समजू नका. ते कोर्टात आहे आणि तारखा पडतात. फरक इतकाच, की आप्पा आता रोज सातला खाली उतरतात. तारखेचा आठवडा आला की मात्र उतरत नाहीत. वकिलांनी सांगितलं आहे, विरुद्ध पक्षाशी बोलू नका. तो आठवडा काकांचा भाकड. कॅलेंडरवर तारखेभोवती काकांनीही लाल खूण केलेली असते, पण ती कागदपत्रांसाठी नव्हे, त्या आठवड्यात चौथा कोण याची तजवीज करायला. तारखेला दोघं एकाच रिक्षानं जातात, कारण आप्पांचा गुडघा दुखतो.

गेल्या मे महिन्यात असाच भाकड आठवडा आला तेव्हा काकांनी न्यू जर्सीतल्या पुतण्याला चौथा हात म्हणून घेतलं. मोबाइल कुकरच्या बाहेर निघाला! तांब्याला टेकून उभा केला. इकडे संध्याकाळचे सात, तिकडे रविवारची सकाळ साडेनऊची. पुतण्याची पानं धरायला चिनूला बसवलं. ती ती पानं कॅमेऱ्यासमोर धरायची आणि तो सांगेल ते खाली टाकायची. अडचण एकच होती. चिनूला नुकतं वाचता यायला लागलं होतं आणि त्या आनंदात ती ओरडली, "दादा, तुझ्याकडे दोन दश्शा आहेत! आणि गणपतीवाला!" काका पुतण्याचे भिडू. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तरी डाव पुढे चालला. शेवटाकडे पुतण्या म्हणाला, "राणी टाक," आणि तेवढ्यात रेंज गेली. चिनूनं राणी टाकली. फोन परत लागला तेव्हा तो सांगत होता, की त्यानं "राणी टाकू नको" म्हटलं होतं, 'नको' वाटेत गेलं.

आता काय करायचं? काका म्हणाले, पान परत उचलायचं, हा यंत्राचा दोष आहे. आक्का म्हणाली, मुळीच नाही. काकू म्हणाल्या, मला वरण लावायचंय. शेवटी निवाड्यासाठी मला ठाण्याला फोन लावला. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "काका, पत्ता खाली ठेवला की ठेवला."

पलीकडे जरा वेळ नुसती आक्काची हसू दाबलेली खोकल्याची उबळ ऐकू आली. मग काका म्हणाले, "तू आप्पाचाच मुलगा," आणि फोन कुकरमध्ये गेला. झाकण लागल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला, कारण तो बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. पुढचा अख्खा डाव मी त्या कुकरमधून ऐकला. काका हरले.